सांगून जाणारे दिवे

"बुवा, आता त्या भिंतीकडं बघा," असं म्हणत युसुफभाईंनी जीपच्या खिडकीतून हात आत घातला आणि दिव्यांचं बटण ओढलं.

साखरप्याच्या नाक्यावर त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं आणि समोर लाकडाच्या वखारीची लांबलचक भिंत. सूर्य डोंगराआड गेला होता, अंधार अजून पडायचा होता. आधी भिंतीवर दोन निळसर डाग थरथरले. मग ते फुलत गेले, पांढरे होत गेले, आणि बघता बघता दगडांच्या सांध्यातलं शेवाळ, पुसट झालेली निवडणुकीची अक्षरं, वर दबा धरून बसलेली पाल, सगळं उघडं पडलं. शेजारच्या टपरीतला चहावाला हातात गाळणं घेऊन बाहेर आला.

"आयला, दिवसच उगवला की हो बुवा!"

तात्या बॉनेटला टेकून उभे होते. त्यांनी मान वर केली, हसले आणि म्हणाले, "वा! दिवसच उगवला म्हणायचा!"

त्या हसण्यानं मला इतकं बरं वाटलं, की मी तिथल्या तिथं सोमेश्वराला हात जोडले.

तात्या म्हणजे माझे वडील, कीर्तनकार वासुदेवबुवा साधले. मी त्यांच्यामागं पेटीला बसायची. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला कधी दुःखही झालं नाही. संध्याकाळ झाली, की कुठल्या तरी देवळात समया लागत, झांज वाजे, तात्या पदराची गाठ मारावी तशी उपरण्याची गाठ मारून उभे राहत, आणि मी भाता ओढला की माझं जग भरून जाई. अजूनही कुठं झांज ऐकू आली, की हातातलं काम ठेवून मी आवाजाच्या दिशेनं चालू लागते.

आंबा घाट चढून गेलं की डाव्या हाताला आत नेरदवाडी लागते. तिथल्या सोमेश्वराच्या उत्सवात शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी साधल्यांचं कीर्तन असतं. आजोबा घाट पायी चढून जात. गावानं बैलगाडी पाठवली तरी बसत नसत. त्यांनी घालून दिलेला एक नेम होता. ते म्हणत, "देवाकडं कुणाच्या खांद्यावर बसून जायचं नाही. ज्याला वाट सापडते, त्यानं उभं राहावं. ज्या वर्षी सापडणार नाही, त्या वर्षी सेवा दुसऱ्याला द्यावी." तात्यांनी पायांच्या जागी जीप आणली, पण चाक कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला तात्यांनी संध्याकाळी परत येताना जीप मोरीच्या कठड्यावर घासली. कुणाला लागलं नाही, पण माझा भाऊ श्रीधर पुण्याहून धावत आला.

"तात्या, जीप विकून टाकू. आता पुरे झालं."

"कठडा दिसला नाही रे. दिवे मंद झालेत जीपचे."

"दिवे मंद झालेत की डोळे?"

 तात्यांनी ताटातला भात एका बाजूला सारला. मग म्हणाले, "दिवे बदलतो. नवे पांढरे दिवे आलेत ना, ते बसवतो. नेरदवाडीला जाऊन कीर्तन करून नीट परत आलो, तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही जमलं, तर किल्ली तुझी. आणि मग नेरदवाडीही नाही."

"तात्या, नेरदवाडी सोडा असं मी कुठं म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. आजोबांनी म्हटलंय."

म्हणून आम्ही त्या संध्याकाळी युसुफभाईंच्या दुकानात होतो. युसुफ मुकादम हे तात्यांचे जुने स्नेही. रमजानमध्ये त्यांच्याकडून आमच्याकडे खजूर यायचा, आणि उत्सवाला जीप निघायची त्या दिवशी ते हवा, पाणी, बॅटरी स्वतः बघायचे. त्यांनी आधीचे हॅलोजनचे बल्ब काढून उजेडासमोर धरले होते.

"काच काळी पडलेली नाही. तार शाबूत आहे. बुवा, बल्बात तर मला दोष दिसत नाही."

"तुला नाही दिसत. मला दिसतोय," तात्या म्हणाले. "तू नवे बसव."

"बसवतो. पण दोन गोष्टी ऐकून ठेवा. हा बल्ब या जुन्या काचेसाठी बनलेला नाही. उजेड फाकतो. समोरून येणारा आंधळा होईल."

"मग खाली वाकवून लाव."

"वाकवलेत. आता दुसरी गोष्ट. इंजिन बंद ठेवून हे फार वेळ जाळू नका. तुमचा हॅलोजन कसा, बॅटरी उतरायला लागली की पिवळा पडतो, मग तांबूस होतो, मग विझतो. बिचारा सांगून जातो. हा सांगणार नाही. करंट कमी पडला, की फट्. संपलं."

"असं का रे?"

"यात तारच नाही ना बुवा. काचेच्या गोळीत वायू भरलाय, त्यात ठिणगी पेटती राहते. पेटवायला हा वेगळा डबा."

तात्या एकदम खुलले. "तारेशिवाय ज्योत! विनू, ऐकलंस का? युसुफ, हा दृष्टांत मला दे."

"घ्या की. तुम्ही मागितलात आणि मी दिला नाही, असं कधी झालंय?"

जुने बल्ब युसुफभाईंनी कागदात गुंडाळून फळीवर ठेवले. तात्यांनी जीपच्या दिव्यावर हात ठेवला, देव्हाऱ्यातल्या मूर्तीवर ठेवावा तसा, आणि काच गरम लागली म्हणून पटकन काढून घेतला.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. दुपारीच निघू, असं मी दोनदा म्हटलं, पण पूजेला आणि सोवळ्याला उशीर झाला आणि घाटाच्या पायथ्याशी येईतो उन्हं उतरली होती. तात्यांनी दिवे लावले. कडेची करवंदीची जाळी पांढरीफटक उजळली.

"दिसतंय ना हो तात्या?"

"लख्ख. तू पद सुरू कर."

घाट चढताना पद म्हणायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. आजोबांनी चालता चालता ते रचलं होतं.

"सोमेश्वरा धरी हात, चढणीची आमुची वाट..."

पहिलं कडवं संपलं की पहिलं मोठं वळण येई. ध्रुपद दोनदा घोळवलं की उजवीकडची खिंड. आजोबांच्या पावलांना बसलेली ती चाल तात्यांनी जीपच्या दुसऱ्या गिअरला बसवली होती. लहानपणी मला वाटायचं, घाटच आपलं पद ऐकून वळतो.

त्या दिवशी तात्या पद म्हणत नव्हते. मी म्हणत होते आणि ते ऐकत होते. स्टिअरिंगवर त्यांची दोन्ही हातांची बोटं घट्ट होती. तिसऱ्या कडव्यात समोरून एस. टी. आली. तिच्या चालकानं दिव्यांची दोन-चारदा उघडझाप केली आणि आमच्या शेजारी येऊन करकचून गाडी थांबवली.

"ए म्हाताऱ्या! डोळे फोडतोस काय आमचे? डिपर मार की! काय लग्नाच्या वरातीला निघालायस?"

"चुकलं हो दादा," तात्या नम्रपणे म्हणाले. ते बोलताना त्यांचं तोंड एस. टी.च्या खिडकीकडे नव्हतं, थोडं पुढं होतं. मला वाटलं, शरमले.

पुढं एका ठिकाणी मला धुळीनं ठसका लागला. मी गायची थांबले, आणि जीप रस्त्यात जागच्या जागी उभी राहिली. मी पुढं आपटता आपटता वाचले.

"काय झालं तात्या?"

"म्हण की गं पुढं!" ते जवळजवळ ओरडले. मग हळू म्हणाले, "पद मध्येच तोडू नये. पाणी पी. पी पाणी आणि त्याच कडव्यापासून घे."

मी पाणी प्यायले आणि त्याच कडव्यापासून घेतलं. जीप हलली. वळण आलं, आणि ती वळली.

नेरदवाडीत पोचलो तेव्हा गावात वीज नव्हती. ते दिवस लोडशेडिंगचे. गॅसबत्तीचं मेंटल तेवढ्यात फुटलेलं आणि दुसरं मिळत नव्हतं. उत्सवाचे मानकरी शामराव कपाळाला हात लावून पायरीवर बसले होते. जीप बघून उठले.

"बुवा, गाभाऱ्यातल्या समयांवर किर्तन करायची पाळी आली बघा."

"समया देवाला असू देत," तात्या म्हणाले. ते भलतेच खुशीत होते. घाट चढून आले होते ना! "लोकांना मी दिवा आणलाय. जीप देवळाच्या कडेला माझ्या मागच्या अंगाला लावा. उजेड माझ्या तोंडावर नको, गावाच्या तोंडावर पडू दे. मला माणसं दिसली पाहिजेत."

शामरावांच्या पुतण्यानं जीप लावली. इंजिनाचा धडधडाट पेटीच्या सुरात मिसळायला लागला, म्हणून इंजिन बंद केलं. पटांगणात बसलेला सगळा गाव त्या पांढऱ्या उजेडात आला. बायकांनी डोळ्यांवर पदर धरले.

"लग्नातला फोटू काढतासा काय बुवा?" कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला.

मी पेटी लावत असताना तानूबाई माझ्याजवळ येऊन वाकली. दरवर्षी आमचं जेवण तिच्याच घरी असे. ती म्हणाली, "ताई, आमच्या आत्याबाई गेल्या. दिवाळीच्या आधी." भागूआक्का! डावीकडच्या दगडी खांबाला टेकून बसणारी, घोगऱ्या आवाजात सगळ्यांच्या आधी नामघोष सुरू करणारी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांना आत्ता सांगू नको, असं मी तिला खुणावलं. उभं राहायच्या आधी कीर्तनकाराला असं काही सांगत नाहीत. तानूबाई जाऊन सासूच्या जागी, खांबाशी बसली.

पूर्वरंग काय रंगला म्हणून सांगू! तात्यांचा आवाज त्या दिवशी पंचविशीतला होता.

"आपण म्हणतो, देवाचं दर्शन घेऊन आलो. अहो, तुम्ही कसलं दर्शन घेताय! आई दारात उभी असते. पोर शाळेतून धावत येतं, पायरीवर आल्यावर मान वर करतं आणि म्हणतं, बघितली मी आई! पण आई? पोर लांबच्या वळणावर होतं तेव्हापासून त्याला बघत असते. तुम्ही बघावं म्हणून देव देवळात बसलेला नाही. तो तुम्हांला बघतोय म्हणून तुम्ही इथवर आलात!"

लोकांनी टाळ्यांनी ठेका धरला. मग तारेशिवाय पेटणाऱ्या ज्योतीचा दृष्टांत झाला, युसुफभाईंचं नाव घेऊन झाला. पूर्वरंग संपला, शामरावांनी तात्यांना हार घातला, कपाळाला बुक्का लावला, नामघोष झाला.

आणि मग आली हजेरी. ही रीत फक्त नेरदवाडीची आणि फक्त साधल्यांची. आख्यान सुरू करण्याआधी बुवांनी गावाकडं बघायचं, एकेकाला जागेवरून नावानं पुकारायचं, त्याची थट्टा करायची, आणि त्यानं उत्तर द्यायचं. आजोबा म्हणत, देवापुढं वर्षातून एकदा प्रत्येकाचं नाव उच्चारलं गेलं पाहिजे. गाव या हजेरीची वर्षभर वाट बघे. जो तो आपल्या ठरल्या जागी बसे. मुंबईला गेलेली माणसं त्या संध्याकाळसाठी गावी येत.

"शामराव!"

"हाजीर!"

"हाजीर म्हणताय, पण मन लाडवांच्या परातीकडं आहे!"

हशा.

"बाबूराव गुरव! डाव्या कानानं ऐकताय की उजव्या? कारण उजव्या बाजूला कारभारीण बसलीय."

"दोन्ही बंद ठेवलेत बुवा, सोय पडते!"

तात्या एक हात पुढं करून, बोट फिरवत, हसत हसत पुकारत होते. "आणि ते बघा, पिंपळाच्या पारावर आमचे रंगराव..."

फट्.

युसुफभाई म्हणाले होते तस्सं. पिवळं नाही, तांबूस नाही. पटांगण होतं ते नाहीसं झालं. माझ्या बोटांखालच्या पट्ट्यासुद्धा मला दिसेनात. गाभाऱ्यातल्या समयांचा उजेड उंबऱ्याच्या आतच राहिला होता, आणि अमावास्या तोंडावर आलेली, त्यामुळं वर चांदणंही नाही.

लोकांतून एक 'अरे' उमटला.

"अरे काय?" तात्या म्हणाले. त्यांचा आवाज तसाच हसरा होता. "रंगराव डुलतायत, ते काय मला दिसत नाही होय? आज तर एकेकाचा चेहरा लख्ख दिसतोय मला! मिशांना कलप लावलाय रंगराव, तोसुद्धा दिसतोय!"

माझा हात भात्यावर होता. तो थांबला असता तर सगळं थांबलं असतं. मी सूर धरून ठेवला. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. हातांना माहीत असावं.

एका माणसानं बॅटरी पेटवली. तेवढ्या उजेडात मला तात्या दिसले. अंधाराकडं बोट दाखवत, कौतुकानं हसत उभे. ज्या जागी कुणीच नव्हतं, तिथं बघत होते. शामरावांनीही ते पाहिलं. त्यांनी झटकन पुढं होऊन त्या बॅटरीवर तळहात ठेवला. त्यांच्या बोटांमधून थोडा तांबडा उजेड झिरपत राहिला, मग तोही गेला.

 आणि मग लांबून, पाराच्या दिशेनं आवाज आला. जाड, भरून आलेला.

"डुलतोय बुवा. डुलतोय."

"कलपाचं काय?"

"लावलाय. थोरल्या नातवाचं लगीन हाय."

गाव हसला. अंधारात शे-दोनशे माणसं हसली. तसं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही, आणि ऐकू नये.

तात्या पुकारत राहिले. "गोविंदा सुतार!" "हाय बुवा!" "पांडू, तंबाखू थुंकून ये आधी!" "थुकली बुवा!" एकेक जण अंधारातून आपापल्या जागेवरून उत्तर देत होता. कुणी उठलं नाही, कुणी दिव्याचं नाव काढलं नाही. माझे डोळे घळाघळा वाहत होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मग तात्या डावीकडं वळले.

"आणि खांबाला टेकून आमची भागूआक्का! काय आक्का, आख्यान सुरू व्हायच्या आधीच पेंग आली?"

 आता काय?  सूर तेवढा लांबत गेला.

"नाही हो बुवा," खांबापासून आवाज आला. "जागी हाय."

तानूबाई होती. सासूसारखा घोगरा आवाज काढायला बघत होती.

तात्या गप्प झाले. एक श्वासभर, फार तर दोन. मी अंधारात त्यांच्या पाठीकडं बघत होते. मग त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि म्हणाले, "जागी राहा आक्का. तू जागी, तर देव जागा." आणि आख्यान सुरू केलं.

आख्यान त्यांनी पूर्ण केलं. एक ओळ गाळली नाही. आरतीचं ताट आलं तेव्हा निरांजनाच्या उजेडात लोक दर्शनाला आले, आणि प्रत्येकानं तात्यांच्या पायांवर दरवर्षीपेक्षा जास्त वेळ डोकं ठेवलं.

त्या रात्री आम्ही गावातच राहिलो. सकाळी शामरावांच्या ओट्यावर तात्या चहाचा पेला घेऊन उन्हात बसले होते.

"विनू, भागूआक्का कधी गेली?"

मी दचकले. "दिवाळीच्या आधी. मला काल कळलं. तुम्ही उभे राहणार होता, म्हणून..."

"बरोबर केलंस. तानूचा आवाज वरच्या पट्टीतला. आक्का खर्जातली. पोरीनं फार खाली जायचा प्रयत्न केला." त्यांनी चहा घेतला. "पण मला दिसत असतं, तर मी आक्काला पुकारलं नसतं. आणि पटांगणात उजेड असता, तर तानू आक्का बनून बोलली नसती. दिवे आधी गेले ना?"

"हो."

"केव्हा?"

"रंगरावांच्या वेळी."

"म्हणजे सगळ्या गावाला कळलं."

"हो, तात्या."

"आणि सगळा गाव हजर राहिला."

ते उन्हाकडं तोंड करून बसले. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले. मग त्यांनी आपणहून सांगितलं. दिवसा थोडं दिसतं, नळीतून बघावं तसं. सांजावलं की संपलं. काल घाटात माझ्या कडव्यावर चाक फिरवत होते. पद थांबलं, तेव्हा रस्ताच थांबला.

"मग दिवे कशाला बदललेत तात्या?"

"वाटलं गं," ते म्हणाले. "वाटलं, असेल बल्बाचाच दोष."

जीपची बॅटरी उतरल्याचा निरोप गेल्यावर युसुफभाई दुसरी बॅटरी घेऊन एस. टी.नं वर आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तात्यांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले, तेव्हा त्यांना कळायचं ते कळलं. जीप घाट उतरायला लागली. तात्या म्हणाले, "विनू, पद." मी मागच्या सीटवरून म्हणायला लागले; उतारासाठी कडवी शेवटाकडून घ्यायची असतात. प्रत्येक वळणाच्या जरा आधी तात्यांचा हात मांडीवर आपोआप फिरत होता. डावीकडं. उजवीकडं. एकही वळण चुकलं नाही. युसुफभाई मधूनमधून त्या हाताकडं बघत होते आणि नाक ओढत होते.

नाक्यावर पोचल्यावर तात्या म्हणाले, "युसुफ, ते जुने दिवे टाकलेस का रे?"

"नाही बुवा. फळीवर आहेत."

"लाव परत. ते बरे होते. सांगून जायचे."

युसुफभाईंनी मान खाली घातली. "मीच आधी ठाम बोलायला हवं होतं, की दोष बल्बात नाही."

"तू बोललास. मला दुसरं ऐकायचं होतं." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "श्रीधरला फोन कर. किल्ली त्याची झाली म्हणावं."

श्रीधर आला. सगळं ऐकून तो अंगणात जाऊन बराच वेळ जीपला टेकून उभा राहिला. जीप त्यानं विकली नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू शिक." युसुफभाईंनी मला नाक्यावरच्या मैदानात गाडी शिकवली. क्लच सोडताना मी देवाचं नाव घ्यायची, तर ते म्हणायचे, "ताई, देवाचं नाव घ्या, पण ब्रेकवर पाय राहू द्या."

तात्यांनी मात्र नेरदवाडी सोडायची ठरवली होती. वाट सापडत नाही, आजोबांचा नेम मोडला, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं. दुसऱ्याच कुणा बुवांना सांगा, असा निरोपही त्यांनी शामरावांना धाडला.

पुढच्या माघात शामराव स्वतः नारळ घेऊन आमच्या दारात आले. बरोबर रंगराव होते. मिशा पांढऱ्या.

"बुवा, आमंत्रण घेऊन आलोय. एक बदल केलाय गावानं, तेवढा सांभाळून घ्या. यंदापासून किर्तन संध्याकाळी नाही, दुपारी."

"दुपारी? शिवाच्या उत्सवात? का हो?"

"लोडशेडिंग," शामराव म्हणाले.

"दुपारी नसतं लोडशेडिंग?"

"असतं की," रंगराव घाईनं म्हणाले. "पण दुपारी दिव्याचं कामच काय बुवा?"

तात्यांनी नारळ घेतला. तो दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला. शामराव आणि रंगराव, दोघंही अंगणातल्या तुळशीकडं बघत राहिले.

"वाट कोण दाखवणार?" शेवटी तात्या म्हणाले. 

मी म्हटलं, "तुम्ही. गाडी मी घेईन, पद तुम्ही म्हणा. तुमचं कडवं संपलं, की मी वळेन."

त्या वर्षी आम्ही भर उन्हात घाट चढलो. तात्या पद म्हणत होते आणि मी चाक फिरवत होते. एस. टी. आली, तिच्या चालकानं हात केला. दुपारच्या उन्हात तात्यांनी हजेरी घेतली. भागूआक्काच्या खांबाकडं वळले आणि म्हणाले, "तानू, जागी आहेस ना?"  तानूबाईनं नुसती मान हलवली, तात्यांना ती दिसली की नाही कोण जाणे, पण ते पुढं गेले.

तसे अजून काही उत्सव झाले. मग एका पावसाळ्यात तात्या गेले. हळूहळू, सांगून गेले.

आता घाटाचा रस्ता रुंद झालाय. नेरदवाडीत वीज जात नाही, देवळासमोर मोठे पांढरे दिवे लागलेत. कीर्तनाला आता मी उभी राहते, हजेरीही मीच घेते. पण कीर्तन अजून दुपारीच असतं. नव्या मंडळींपैकी कुणीतरी अधूनमधून विचारतं, आपल्याकडंच दुपारी का? मग कुणीतरी म्हातारं माणूस सांगतं, "लोडशेडिंग असतं."